शेण मोजा, मग खड्डा खणा: दोन घनमीटरचा दीनबंधू गोबरगॅस, पहिल्या घमेल्यापासून शेतातल्या स्लरीपर्यंत

बंद पडलेला गोबरगॅस दिसला की गावात पहिला दोष गवंड्याच्या माथी जातो. कधी तो खराही असतो. पण पुष्कळदा चूक खड्डा खणण्याआधीच झालेली असते. घरात माणसं किती ते पाहून टाकी ठरवलेली असते आणि गोठ्यातलं शेण कोणी तोललेलंच नसतं. दिवसाला चार घनमीटर गॅस देणाऱ्या टाकीत रोज दोन घनमीटर गॅसपुरतंच शेण पडलं तर गॅसही तेवढ्यापुरताच मिळतो, टाकीवरचा जादा खर्च वाया जातो, घरातल्यांचा विश्वास उडतो आणि वर्षभरात झाकणावर गवत उगवतं. म्हणून सुरुवात ताणकाट्यापासून.

शेणाचा हिशेब

सलग सात दिवस सकाळ-संध्याकाळ शेण घमेल्यात भरून ताणकाट्यावर तोला आणि वहीत लिहा. गोठ्यात बांधलेल्या गाईचं दिवसाला साधारण १० किलो शेण मिळतं, म्हशीचं १५ किलो, वासराचं ५ किलोच्या आसपास. जनावर दिवसभर रानात चरायला जात असेल तर निम्मं शेण रानातच राहतं, हातात फक्त रात्रीचं येतं. हे निम्मं विसरल्यामुळे हिशेब हमखास चुकतो.

एक किलो ताज्या शेणातून साधारण ४० लिटर गॅस निघतो. म्हणजे एक घनमीटर गॅसला रोज २५ किलो आणि दोन घनमीटरला ५० किलो शेण हवं. दोन म्हशी आणि दोन गाई गोठ्यात बांधलेल्या असतील तर ते जमतं. स्वयंपाकाला माणशी दिवसाला पाव घनमीटर गॅस धरतात, त्यामुळे दोन घनमीटर सात-आठ जणांच्या घराला पुरतो. आठवड्याच्या नोंदीत सगळ्यात कमी शेण मिळालेला दिवस धरून माप ठरवा, सरासरी धरू नका. शेण ३० किलोच्या आसपास असेल तर एक घनमीटरवर थांबा. लहान टाकी पोटभर चालली तर ती वर्षानुवर्षं चालते.

इंधनाच्या हिशेबात एक घनमीटर गोबरगॅस म्हणजे सुमारे ०.४३ किलो एलपीजी. दोन घनमीटरचे महिन्याला कागदावर २६ किलो होतात, म्हणजे पावणेदोन-दोन सिलिंडर. हिवाळ्यात गॅस कमी होतो आणि एखाद्या दिवशी भरणं चुकतं, म्हणून घरचा हिशेब महिन्याला एका सिलिंडरवरच मांडा. त्याहून जास्त वाचलं तर ते वरकड समजा.

पाणीही तोलायला हवं. ५० किलो शेणाला ५० लिटर पाणी रोज लागतं. उन्हाळ्यात जिथे टँकर येतो तिथे हा प्रश्न आधी सोडवा. गोठा धुतलेलं पाणी चालतं, थोडं गोमूत्रही चालतं. बाहेर पडलेल्या स्लरीवरचं (गॅस निघून गेल्यावर टाकीतून बाहेर येणाऱ्या शेणकाल्यावरचं) पातळ पाणी परत वापरलं तरी चालतं, पण एकूण पाण्याच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच. त्याहून जास्त फिरवलं तर आत अमोनिया साचतो आणि गॅस मंदावतो.

जागा आणि हंगाम

दीनबंधू हे वीट-सिमेंटचं, जमिनीखालच्या घुमटाचं संयंत्र. अफप्रो (ॲक्शन फॉर फूड प्रॉडक्शन) या संस्थेने ते १९८४ साली पुढे आणलं. लोखंडी तरंगत्या टाकीच्या खादी ग्रामोद्योग पद्धतीपेक्षा ते स्वस्त पडतं, कारण त्यात गंजणारी लोखंडी टाकी नाही. तरंगत्या टाकीचेही दोन गुण आहेत: गॅसचा दाब एकसारखा राहतो आणि गॅस किती साठला ते टाकीच्या उंचीवरून लांबूनच कळतं. मात्र त्या टाकीला दरवर्षी पावसाळ्याआधी घासून रंग द्यावा लागतो. तेवढी काळजी घेणारं कोणी घरात नसेल तर दीनबंधू बरा.

जागा दिवसभर उन्हात असावी. गोठा जवळ, स्वयंपाकघर २० मीटरच्या आत आणि पिण्याच्या पाण्याची विहीर किंवा बोअर किमान १५ मीटर लांब. वड, पिंपळ, चिंच अशी झाडं जवळ नकोत, कारण मुळं ओलीच्या मागे येतात आणि घुमटाला तडा देतात. उतार असेल तर स्लरी शेताकडे आपोआप वाहील अशा बाजूला तोंड ठेवा. पुढची कित्येक वर्षं पाठीवरचं ओझं वाचतं.

विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या मातीत एक काळजी जास्तीची. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि त्या ओढाताणीत भिंत तडकते. तिथे खड्डा चारही बाजूंनी आणि तळाशी वीत-दोन वीत मोठा खणून मुरूम भरा, पाणी मारून धुम्मसाने ठोका आणि मग बांधकाम उभं करा. कोकणात अडचण वेगळी. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर येतं आणि रिकामी टाकी खालून उचलली जाऊ शकते. म्हणून पावसाळ्यात टाकी रिकामी ठेवायचीच नाही.

यावरून वेळापत्रक ठरतं. जानेवारी ते मार्च बांधकाम, एप्रिलमध्ये पहिलं भरणं. उन्हामुळे गॅस लवकर धरतो आणि खरिपाला पहिली स्लरी हातात येते. अनुदान घ्यायचं असेल तर त्याआधी पंचायत समितीच्या कृषी विभागात चौकशी करा आणि लेखी मान्यता मिळाल्यावरच कुदळ मारा.

बांधकामात कुठे लक्ष ठेवायचं

दोन घनमीटरच्या दीनबंधूला हजारभर विटा आणि सिमेंटची १४ ते १६ पोती लागतात. आतला व्यास साधारण अडीच मीटर. गवंडी हे काम शिकलेलाच हवा. घर उत्तम बांधणारा गवंडीसुद्धा इथे चुकू शकतो, कारण भिंतीतून गॅस निसटणार नाही याची काळजी घराच्या बांधकामात कधी घ्यावीच लागत नाही.

वीट चांगली भाजलेली, एकमेकींवर आपटली की खणखणणारी असावी. लावण्याआधी ती पाण्यात भिजवा, नाहीतर कोरडी वीट मालातलं पाणी पिऊन टाकते आणि सांधा भुसभुशीत राहतो. वाळू चाळून, धुऊन घ्या. बादलीभर पाण्यात मूठभर वाळू ढवळून पाहा. पाणी गढूळ झालं तर तिच्यात माती आहे.

तळाच्या मध्यावर खुंटी ठोकून तिला त्रिज्येएवढी दोरी बांधतात. घुमटाची प्रत्येक वीट त्या दोरीच्या टोकाशी जुळवून बसवायची. दोरी ओली होऊन ताणली जाते, म्हणून दिवसातून दोन-तीनदा माप पडताळा. बोटभर फरकाने घुमट चपटा झाला तरी त्याची ताकद जाते. माथ्यावरचा गॅसचा लोखंडी पाइप घुमट मिटवतानाच पक्का बसवायचा, नंतर भोक पाडून बसवायचा नाही. त्या पाइपभोवतीची जागा गळतीची सगळ्यात आवडती.

आतला गिलावा हा या कामाचा प्राण. पाणी थांबवणारा गिलावा गॅस थांबवतोच असं नाही. आधी सिमेंटचं पाणी, मग एकास तीनचा गिलावा, त्यावर निव्वळ सिमेंटची घोटाई आणि पूर्ण वाळल्यावर घुमटाच्या आतून रंगाचे दोन हात. तळ आणि भिंत मिळतात तिथे काटकोन ठेवू नका, गोलाई द्या. एका दिवसाचा गिलावा एका दमात पूर्ण करा. काल थांबलेली आणि आज सुरू केलेली कड उघडी राहिली तर तिथूनच गॅस जातो. किमान दहा दिवस पाणी मारा.

घुमटावर आणि कडेने माती थराथराने ठोकून भरल्याशिवाय आत दाब येऊ देऊ नका. वीट दाबाला भक्कम असते, ताणाला कच्ची. बाहेरून मातीचा भार असला की आतल्या गॅसचा रेटा पेलला जातो. उघड्या घुमटात गॅस साठू दिला तर केसासारख्या भेगा पडतात आणि त्या नंतर सापडता सापडत नाहीत.

शेण टाकण्याआधीची चाचणी

घाईत ही पायरी गाळली जाते. शेण भरल्यावर गळती कळली तर आतला चारेक हजार लिटर काला उपसावा लागतो, हे लक्षात ठेवा.

गॅसचा कॉक उघडा ठेवून टाकीत पाणी भरा, बाहेरच्या (स्लरी जिथे वर येते त्या) टाकीच्या तळापर्यंत. पहिला दिवस-दोन दिवस भिंती पाणी पितात, तेवढी भर घाला. मग पातळीवर कोळशाने रेघ मारा. २४ तासांत पातळी बोटभरापेक्षा जास्त उतरली तर पाण्याची गळती आहे. एका विशिष्ट उंचीला येऊन उतरणं थांबलं, तर भेग त्याच उंचीवर शोधा.

पाणी टिकलं की गॅसची चाचणी. कॉक बंद करून आणखी पाणी ओता. आत कोंडलेली हवा दाबली जाते. दाब मोजायला दीड मीटर उंच फळीवर पारदर्शक नळी यू आकारात ठोकून त्यात पाणी भरा, एक टोक गॅसच्या पाइपला जोडा. दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक टिपून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पाहा. वेळ तीच हवी, कारण दुपारच्या उन्हात हवा फुगून दाब खोटा वाढलेला दिसतो. सांधे आणि कॉकवर साबणाचा फेस लावा, बुडबुडा फुगला तर गळती तिथेच.

पाइप आणि शेगडी

गोबरगॅसमध्ये वाफ असते. पाइपात ती थंड होऊन पाणी होते आणि सखल जागी साचते. म्हणून पाइपाला शंभरास एक असा एकसारखा उतार द्या आणि सगळ्यात खालच्या बिंदूवर पाणी काढायचा कॉक बसवा. मध्ये कुठे पाइप झोळ पडून लोंबला तर तिथे पाणी अडतं आणि ज्योत फडफडत धापा टाकते. घराजवळच्या संयंत्राला अर्धा इंची पाइप पुरतो. अंतर जास्त असेल तर जाड घ्या.

शेगडी गोबरगॅसचीच हवी, आयएस ८७४९ या मानकाची खूण असलेली. एलपीजीची शेगडी तशीच जोडली तर चालत नाही. तिच्या जेटचं भोक या गॅसला फार बारीक पडतं. नुसतं भोक मोठं करूनही समाधानकारक ज्योत मिळेल याची खात्री नसते.

पहिलं भरणं म्हणजे विरजण

टाकी सुरू करायला साधारण २ टन शेण आणि तेवढंच पाणी लागतं. शेण दहा-पंधरा दिवस सावलीत साठवा, वर ओलं पोतं टाका. उन्हात वाळलेलं, पोपडे धरलेलं शेण उपयोगाचं नाही. चालू असलेल्या संयंत्राची स्लरी मिळाली तर चार-पाच पिंपं आणून त्यात मिसळा. दुधाला विरजण लावतो तसंच हे. जिवाणू तयार मिळाले की काम आठवडाभराने तरी अलीकडे येतं.

भरताना गॅसचा कॉक उघडा ठेवा. भरून झालं की बंद करून वाट पाहा. उन्हाळ्यात दोन ते तीन आठवडे, थंडीत महिना किंवा जास्त. या काळात रोजचं शेण टाकू नका. पहिला गॅस बहुतेक कार्बन डायऑक्साइड आणि हवा असतो, तो पेटत नाही. एक-दोनदा सोडून द्या. पेटतो का ते फक्त शेगडीवर पाहायचं. घुमटाच्या पाइपाशी काडी कधीही, कोणत्याही कारणाने न्यायची नाही. आत हवा आणि गॅस मिसळलेला असताना ज्योत मागे शिरू शकते.

रोजची वीस मिनिटं

शेण कालवायच्या टाकीच्या भोकाला बूच लावा, शेण आणि पाणी समसमान घाला आणि हाताने किंवा फावड्याने गुठळ्या फोडा. शेणकाला कसा झाला ते हात सांगतो. ओंजळीतून सोडला की तो अखंड धारेने पडावा आणि बोटांवर पातळ साय राहावी. गोळ्यांनी पडला तर पाणी कमी, हात जवळजवळ स्वच्छ निघाला तर जास्त. वर तरंगणारी काडी, कडब्याचे तुकडे, गवत हाताने काढून टाका. दोन मिनिटं काला स्थिर राहू द्या म्हणजे वाळू-खडे खाली बसतील. मग बूच काढा आणि तळाचा गाळ आत जाऊ न देता बाहेर काढा.

या दोन मिनिटांवर टाकीचं आयुष्य ठरतं. गोठ्याची जमीन मातीची असेल तर रोजच्या शेणासोबत थोडी वाळू जातेच. वर्षानुवर्षं ती तळाशी साचून टाकीची जागा खाते. गोठ्यात शहाबादी फरशी किंवा कोबा करणं हाही गोबरगॅसच्याच खर्चाचा भाग धरा.

दीनबंधूच्या घुमटात एका वेळी दिवसभराच्या गॅसचा तिसरा हिस्साच मावतो, म्हणजे दोन घनमीटरच्या संयंत्रात सुमारे ०.६६ घनमीटर. ताशी ४५० लिटर घेणारी शेगडी त्यावर दीड तास चालते. रात्रभरात मात्र त्याहून जास्त गॅस तयार होतो आणि जागा संपली की तो बाहेरच्या टाकीतून बुडबुड्यांनी निघून जातो. सगळा स्वयंपाक एकदाच करणाऱ्या घरात गॅस फुकट जातो. पहाटे अंघोळीचं पाणी आणि चहा, सकाळी स्वयंपाक, मग संध्याकाळी भाकरी, असा वापर वाटला की एकूण चार तासांच्या वर शेगडी चालते. बाहेरच्या टाकीत सतत बुडबुडे दिसत असतील तर गॅस वापराविना जातो आहे.

जनावराला अँटिबायोटिक दिलं असेल तर आठवडाभर त्याचं शेण वेगळं टाका. फिनाईल, साबणाचं पाणी, गोचिडाच्या औषधाचं पाणी टाकीत जाता कामा नये. याने जिवाणू मरतात आणि सगळं पुन्हा विरजावं लागतं.

बिघाड ओळखायचा कसा

ज्योत पिवळी, फडफडणारी: पाइपात पाणी, कॉक उघडून काढा. ज्योत बर्नरवरून उडते: हवेची झडप जास्त उघडी, थोडी मिटवा. भांडं काळं होतं: हवा कमी.

गॅस हळूहळू घटत गेला आणि स्लरीला आंबूस उग्र वास येऊ लागला तर आतलं आंबलं आहे. सामू मोजायच्या कागदावर (पीएच पेपर) तो ६.५ च्या खाली दिसेल. शिळं अन्न, सडकं धान्य, पीठ एकदम जास्त टाकल्यावर असं हमखास होतं. पुण्याच्या आरती संस्थेने पिठूळ पदार्थांवर चालणारं छोटं संयंत्र विकसित केलं. त्यामागचं तत्त्व हेच की अशा पदार्थातून शेणापेक्षा किती तरी पट गॅस फार लवकर निघतो. पण जे लवकर कुजतं ते लवकर आंबतंही. शेणाच्या टाकीत खरकटं टाकायचं तर दिवसाला एक किलोपासून सुरू करा आणि आठवड्याने हळूहळू वाढवा. आंबलं असेल तर चार-पाच दिवस भरणं बंद ठेवा, चालू संयंत्राची स्लरी घाला आणि मग निम्म्या मापाने पुन्हा सुरू करा.

आत काड्यांची साय धरली तर खाली गॅस तयार होऊनही वर येत नाही. लांब बांबू आत घालून रोज थोडं ढवळा. डिसेंबर-जानेवारीत गॅस एक तृतीयांशाने किंवा त्याहून जास्त घटतो. जिवाणूंना ३० ते ३५ अंश सेल्सिअस मानवतं, १५ च्या खाली ते जवळजवळ थांबतात. पिंपातलं पाणी दिवसभर उन्हात तापवून दुपारी शेण कालवा आणि घुमटावरच्या मातीवर पाचटाचा जाड थर पसरा.

पऱ्हाटी, तुराट्या, उसाचं पाचट या टाकीत टाकू नका. त्यातला लाकडी भाग हे जिवाणू पचवू शकत नाहीत.

टाकीत उतरायचं नाही

हायड्रोजन सल्फाइड आणि प्राणवायूचा अभाव माणसाला हाक मारायलाही वेळ देत नाहीत, आणि वाचवायला उतरलेला दुसराही जातो. काला असलेल्या टाकीत कोणीही उतरू नये. साफसफाई करायचीच असेल तर पंपाने सगळं उपसा, झाकणं कित्येक दिवस उघडी ठेवा, पंख्याने हवा खेळवा आणि कमरेला दोर बांधलेला माणूस वर दोघे असल्याशिवाय खाली जाऊ देऊ नका. बाहेरच्या टाकीवर फरशा रोज झाकलेल्या हव्यात. लहान मूल, वासरू यांच्यासाठी ती विहिरीइतकीच धोक्याची. रबरी नळी दरवर्षी बदला.

शौचालय जोडायचं असेल तर

मैल्यापासूनचा गॅस नवा नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रयगृहात १८९७ साली तो दिव्यांसाठी वापरला गेला होता. देहूचे डॉ. एस. व्ही. मापुस्कर यांनी शौचालयाला जोडलेल्या मलप्रभा संयंत्रावर आयुष्यभर काम केलं, २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. माणशी दिवसाला जेमतेम ३० लिटर गॅस मिळतो. त्यामुळे पाच माणसांच्या घरात हा लाभ मुख्यतः स्वच्छतेचा. शौचालयात पाणी बेताने वापरा आणि ॲसिड टाळा. ही स्लरी पालेभाज्यांना देऊ नका, खड्ड्यात कुजवून मगच फळझाडांना किंवा उसाला द्या.

स्लरी शेतात

आत जातं जवळपास तेवढंच बाहेर येतं, रोज शंभरेक लिटर. त्यात साडेसात किलो कोरडा भाग असतो, म्हणजे वर्षाला पावणेतीन टन. कोरड्या भागात दीड टक्का नत्र धरलं तर सुमारे ४० किलो नत्र होतं, युरियाच्या ४५ किलोच्या दोन गोण्यांच्या आसपास. स्लरी टाकली की रासायनिक खत पूर्ण बंद, असं कोणी सांगत असेल तर हा आकडा समोर ठेवा. मात्र युरियात नसलेला सेंद्रिय भाग, स्फुरद आणि पालाश यात आहे, आणि तणाचं बीही बरंचसं मरतं.

हे नत्र टिकवणं आपल्या हाती आहे. यातला मोठा हिस्सा अमोनियाच्या रूपात असतो. उन्हात पसरून वाळवली की तो हवेत जातो आणि हातात हलकी काळी पोळी उरते. स्लरी सावलीत ठेवा, वर पाला टाका.

पाणी सुरू असेल तेव्हा ती पाटाच्या तोंडाशी धारेने सोडणं हा सगळ्यात सोपा मार्ग. एक-दोन दिवस हवेत ठेवून मगच सोडा. दाट स्लरी रोपाच्या बुडाशी ओतली तर कोवळी मुळं गुदमरतात. ठिबकमधून द्यायची तर आधी निवळू द्या, कापडातून आणि मग वाळूच्या फिल्टरमधून गाळा. बारीक तंतू एकदा ड्रिपरमध्ये गेले की ॲसिड टाकूनही निघत नाहीत.

पाणी नसलेल्या दिवसांत खड्डा वापरा. ३ मीटर लांब, २ मीटर रुंद, १ मीटर खोल असे दोन खड्डे सावलीत घ्या. वीतभर काडीकचरा, त्यावर स्लरी भिजेपर्यंत, वर पाटीभर माती, असे थर लावत जा. पाचट, सोयाबीनचा भुसा इथे उत्तम, पऱ्हाटी मात्र बारीक केलेली हवी. शंभर लिटर स्लरी शोषायला ३५ ते ४० किलो कोरडा कचरा लागतो, तेव्हा सगळी स्लरी अशी जिरवणं फार थोड्यांना जमतं. एक खड्डा भरला की मातीने लिंपा, महिन्याने एकदा वरखाली करा. मूठ आवळल्यावर गोळा झाला, बोटांतून पाणी निथळलं नाही आणि शेणाचा वास जाऊन पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास आला की खत तयार. एप्रिलमध्ये टाकी सुरू झाली तर पहिला खड्डा रब्बीच्या पेरणीआधी हाताशी येतो.